ऐंशी-जीची पावती

अंगाने वीतभर. कार्बन घालून फाडलेली जुनी असो की संगणकातून निघालेली नवी, चेहरेपट्टी एकच. कपाळावर संस्थेचं नाव आणि पॅन, त्याखाली मान्यता क्रमांक, मग देणाऱ्याचं नाव, त्याचाही पॅन, आणि ‘अक्षरी रुपये’ यापुढे टिंबांची लांबलचक ओळ. तळाशी गोल शिक्का, तिरकी सही. गोशाळेची पावती असेल तर कोपऱ्यात गाय-वासराचं चित्र छापलेलं असतं. त्या चित्रावर जाऊ नये. या पावतीबाईंना गाय कळत नाही, रक्कम कळते.

जालना रस्त्याने शेंद्र्याच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिरलं की बाईंच्या ओळखीपाळखीची माणसं भेटतात. कारखान्यातले पगारदार, त्यांचे कर सल्लागार. जुलै आला, विवरणपत्र भरायची घाई सुटली, की ड्रॉवर उपसून बाईंचा शोध सुरू होतो. बहुतेक संस्थांच्या बाबतीत बाईंचा शब्द अर्धाच चालतो. दहा हजार दान दिले तर प्राप्तिकर कायद्याच्या 80-जी कलमाखाली पाच हजार उत्पन्नातून वजा, तेही एकूण उत्पन्नाच्या साधारण दहा टक्क्यांच्या मर्यादेत. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासकट 1,560 रुपये वाचतात. तेवढ्यासाठी बाईंना फाइलीत, प्लास्टिकच्या कव्हरात जागा मिळते.

त्याच रस्त्यावर दुसरी माणसंही आहेत. शेंद्रा, करमाड या पट्ट्यात जमिनी आधी एमआयडीसीला गेल्या, नंतर ऑरिक या औद्योगिक शहराला. रान गेलं की बैलाचं काम गेलं. ट्रॅक्टरने ते तसंही निम्मं खाल्लं होतं. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला बाजारात कुणी विचारत नाही. उरतो गोशाळेचा रस्ता. तिथल्या खिडकीपाशी काय होतं, ते नुसतं डोळ्यांपुढे आणून बघा.

‘काका, पावती कुणाच्या नावानं फाडू?’

‘माझ्याच. एक बैल, आसं लिवा.’

‘बैल लिहिता येत नाही त्यात. वैरणीसाठी काही देताय का?’

काका कोपरीच्या खिशातून एकवीसशे रुपये काढतात, कारण दान देताना वर काहीतरी ठेवावं असं घरात शिकवलेलं. पावती फाटते, पण बाईंनी आतून तोंड फिरवलेलं असतं. दोन हजारांवरची रोख रक्कम त्यांना चालत नाही. शकुनाच्या शंभरापायी सगळे एकवीसशे वजावटीतून बाद. आणि मागे दावणीला बांधलेला बैल तर हिशेबात कधी आलाच नव्हता.

खरं तर बैलाकडे ओळखपत्र आहे. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, आणि 1 जून 2024 पासून राज्यात त्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक करता येत नाही. एका खात्याला बैल आकड्यानिशी ठाऊक आहे. बाई ज्या खात्याच्या, तिथे त्याच्यासाठी रकानाच नाही.

बाईंवर सगळा राग काढणं बरोबर नाही. दान पैशाचंच हवं, हा खुलासा 80-जी कलमाला 1976 पासून जोडलेला आहे. श्री रामवर्मा यांनी शेअर दान देऊन वजावट मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही वस्तुरूप दान चालणार नाही असंच सांगितलं. शेअरला निदान बाजारभाव असतो. बैलाचा भाव कुणी ठरवायचा? आपल्याकडे तो ठरतो हातावर उपरणं टाकून, आतल्या आत बोटं दाबून. अमेरिकेत घोडा एखाद्या विद्यापीठाच्या अश्वशाळेला देऊन करात वजावट मागता येते. ती 5,000 डॉलरच्या वर जात असेल तर पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतो. आपल्या आठवडी बाजारात असा मूल्यांकक बसवला, तर दोन वर्षांत मराठवाड्यातला प्रत्येक लंगडा बैल कागदावर शर्यतीचा खिल्लार झाला असता. एवढी भीती मला रास्त वाटते.

पण त्या भीतीतून निघालेली वाट तिरपागडी आहे. कृषी विद्यालयातल्या मुलांना देवणी गाय जवळून बघायला मिळावी असं शेंद्र्यातल्या एखाद्या उद्योजकाच्या मनात आलं, तर गाय नेऊन बांधणं बाईंच्या लेखी शून्य. गाय विकावी, चेक द्यावा, मग विद्यालयाने बाजारात जाऊन दुसरी शोधावी. विकलेली गाय कुणाच्या हाती पडली, हे बाई विचारत नाहीत.

धर्माने हा व्यवहार उलट्या बाजूने सोडवला होता. गोदानाला गाय हवी. ती देणं जमत नसेल तर निष्क्रय म्हणून चार पैसे ठेवले तरी भटजी चालवून घेत. पैसे ही सवलत होती. बाईंच्या दरबारात ती सवलतच नियम झाली आणि गाय बाहेर राहिली. शेंद्रा कमंगरला मांगीरबाबाची यात्रा चैत्रात भरते. नवस फेडायला आलेली माणसं बोकड घेऊन येतात. बाबा वस्तुरूप घेतात; पॅन विचारत नाहीत.

आता काकांचं यात काय बुडालं? करापुरतं म्हणाल तर काही नाही. शेतीचं उत्पन्न मुळात करमुक्त, तेव्हा वजावट हवी कशातून? बाईंचा रुसवा त्यांच्या गावीही नसतो. ते पावतीची घडी घालून पाकिटात ठेवतात, कारण आपण बैल रस्त्यावर सोडला नाही याचा त्यांच्याजवळ तेवढाच कागद. उद्या भावकीत कुणी विचारलं तर दाखवता येतो. बाईंचा हा उपयोग कुठल्याच कलमात लिहिलेला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात चोख आहे.

पगारदारांतही बाईंची चलती ओसरते आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि 2023-24 पासून काही न सांगता तीच प्रणाली लागू होते. 1 एप्रिल 2026 पासून कायदाही नवा. 80-जीचं घर आता कलम 133 मध्ये. लोक मात्र ऐंशी-जीच म्हणत राहणार.

एक गोष्ट बाईंनी कधी कुणाला सांगितली नाही. 1961 च्या ज्या कायद्यात त्या वाढल्या, त्याच्याच कलम 36 मध्ये जनावर आहे. धंद्यात वापरलेलं जनावर मेलं किंवा त्या कामाला कायमचं निकामी झालं, तर त्याची मूळ किंमत उणे त्याचे आलेले पैसे, एवढी रक्कम नफ्यातून वजा होते. करमाडकडच्या एखाद्या डेअरीवाल्याने साठ हजारांची गाय कायमची भाकड झाल्यावर गोशाळेत फुकट पोचवली, तर आलेले पैसे शून्य. कलमाच्या शब्दांप्रमाणे पूर्ण साठ हजार वजा, दहा टक्क्यांची मर्यादाही नाही. त्याचा हिशेबनीस ते दानात न धरता तोट्यात मांडतो, आणि त्यासाठी बाईंकडे कुणाला जावं लागत नाही.