तेवीस किलोंतल्या कथा (भाग १)

मंगळवार, त्र्यंबकेश्वर

लेकीकडे लंडनला तीन महिने जायचंय. विमानाच्या बॅगेला मर्यादा २३ किलोंची, त्यातले चार मेतकूट-भाजणीनेच खाल्ले. कादंबऱ्या बाद; न्यायचे ते कथासंग्रह. कुठले, ते माहेरी बसून ठरवू म्हटलं.

सीबीएसवर लाल परीत बसले नि जयंत पवारांचं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ उघडलं. सातपूर गेलं, महिरावणी गेली, अंजनेरी आली. ब्रह्मगिरी ढगात बुडालेला. कथा मात्र अर्ध्यावरच. पवारांची कथा त्र्यंबकच्या २८ किलोमीटरांत संपत नाही. गिरणगावातल्या एकाची हकिगत ऐकायला बसावं, तर तिच्यातून दुसऱ्याची निघते. “ताई, त्र्यंबक आलं, उतरा!” कंडक्टर ओरडला. मी लालबागला होते.

बुधवार

कुशावर्तावर पाय धुतले, निवृत्तिनाथांच्या समाधीला जाऊन आले. मोठ्या देवळाची रांग पाहून कळसालाच हात जोडले. मग दिवसभर पाऊस आणि ओसरीवर आसाराम लोमट्यांचा ‘आलोक’. पागोळ्यांचा आवाज इतका, की पुस्तकातलं कोरडवाहू शिवार आधी खरंच वाटेना. लोमटे परभणीचे. आमच्या डोंगरावर उगवणारी गोदावरी त्यांच्या जिल्ह्यातून, गंगाखेडवरून जाते. तरी तिथल्या शेतकऱ्याचा घसा कोरडाच. तीन कथा वाचल्या. चौथी उद्यावर टाकली, झेपेना.

वहिनी म्हणाली, “वन्सं, लंडनला जाऊन मराठवाड्याचं काय वाचायचं?”

“इथे राहून तरी मला कुठे ठाऊक होता मराठवाडा?”

तिने चहा ठेवला.

गुरुवार

दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. त्यापुढे माझी वारी म्हणजे निव्वळ चैन. लेकीच्या हातचा चहा प्यायचा, बागेतल्या बाकावर वाचत बसायचं.

रात्री बॅग काट्यावर चढवली. ‘आलोक’ आत. पवार आत, उरलेली अर्धी कथा विमानात. किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ही आत. नाव डायरीचं, पुस्तक कथांचं. २०२१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे आणि मी अजून एक पानही वाचलेलं नाही. ते मुद्दामच.

काटा म्हणाला, २३ किलो ६०० ग्रॅम. भाजणीचा डबा वहिनीला परत केला.

पुढचं पान लंडनहून.