टोप्या विकणारी मुलगी

प्रिय तू,

फोनवर तू खवचटपणे विचारलंस, "नोकरी सोडलीस ते ठीक, पण आता दिवसभर करतेस काय?" तेव्हा आई शेजारीच बसली होती, म्हणून "काही नाही गं, घरचंच" असं म्हणून वेळ मारून नेली. आता खरं सांगते. ग्रेटा गार्बो बघते. दुपारची जेवणं आटोपली, ओटा आवरला, की पडदे ओढायचे, पंखा लावायचा आणि गार्बो. रीतसर, क्रमवार, मूकपटांपासून.

हसू नकोस. निदान तू तरी हसू नकोस. गार्बोसारख्या बारीक कमानदार भुवया करण्याच्या नादात होस्टेलवर कुणी स्वतःची अर्धी भुवई उडवली होती, आणि केस परत येईपर्यंत कोण काजळाच्या पेन्सिलीने भुवई काढून लेक्चरला बसत होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पत्राचं उत्तर वेळेवर आलं नाही तर सांगेन.

आणि तुला सांगते, मला खरी असूया वाटते ती याची, की तू राहतेस तिच्याच गावात. स्टॉकहोममध्ये इतकी वर्षं काढलीस आणि मला बर्फाचे फोटो पाठवत राहिलीस. अगं, 2016 पासून तुमच्या 100 क्रोनरच्या नोटेवर गार्बो आहे! पण तू भाजीपासून बसपर्यंत सगळे पैसे फोनवरून देणार, तुला कशाला दिसतेय ती. आणखी गंमत बघ, 200 च्या नोटेवर इंगमार बर्गमन. म्हणजे दिग्दर्शक दोनशेला आणि नटी शंभराला. हा हिशोब कुठेही गेलं तरी बदलत नाही बहुतेक.

क्रमवार म्हटलं खरं, पण सुरुवात मात्र 'कमिल'ने केली. 1936 चा, जॉर्ज क्यूकरचा. आपण आर्काइव्हमध्ये पाहिला होता तोच. तू मध्यंतराआधीच रडायला सुरुवात केली होतीस आणि माझाही रुमाल घेतला होतास. या वेळी आई सोबतीला होती. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण त्यामुळे तिचं काही अडत नाही. मार्गरीट पहिल्यांदा खोकली तशी आई म्हणाली, "हिला क्षय आहे." मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "इतकी सुंदर बाई सिनेमात उगाच खोकत नाही." पुढे तो रॉबर्ट टेलर येऊन नुसता टकामका बघत बसला, की आई दर वेळी विचारायची, "हा डॉक्टरला का नाही बोलावत?" शेवटी गार्बोने त्याच्या हातांत प्राण सोडला तेव्हा मात्र आई गप्प. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "ही रडली का गं? नाही ना? मग आपण का रडतोय?"

बघ, आपण फिल्म क्लबात रात्र रात्र जे घोळवायचो, ते आईने दोन वाक्यांत संपवलं. गार्बो फार काही करतच नाही. 'कमिल'मध्ये ती मरतानासुद्धा जवळजवळ हसते. दुःख ती आपल्यावर सोपवते आणि स्वतः मोकळी होते.

तुला 'क्वीन क्रिस्टिना'चा शेवट आठवतोय? 1933 चा. राज्य सोडलेली राणी, प्रियकराचं प्रेत जहाजावर, आणि ती नाळेपाशी उभी. कॅमेरा जवळ जवळ येत जातो, शेवटी पडदाभर तिचा चेहरा उरतो आणि पापणीसुद्धा लवत नाही. दिग्दर्शक रूबेन मामुलियनने तिला सांगितलं होतं, की काहीही विचार करू नकोस, चेहऱ्याचा नुसता मुखवटा ठेव. जे भरायचं ते लोक भरतील. तू तेव्हा छातीठोकपणे म्हणाली होतीस, की तिच्या डोळ्यांत पश्चात्ताप आहे. मी म्हटलं होतं, सुटका आहे. त्यावरून कर्वे रस्ताभर भांडलो, आणि त्या बाईच्या डोक्यात त्या वेळी काहीच नव्हतं! इतिहासातली खरी क्रिस्टिना म्हणशील तर तिने 1654 मध्ये गादी सोडली ती कुणा स्पॅनिश प्रियकरासाठी नाहीच. ती कॅथलिक झाली आणि रोमला गेली. पण हॉलिवूडला राणीने धर्मासाठी राज्य सोडून कसं चालेल? तिकिटं कोण काढणार?

या सिनेमातली मला आवडलेली गोष्ट पडद्यामागची आहे. नायक आधी लॉरेन्स ऑलिव्हिए ठरला होता. गार्बोने त्याला नको म्हटलं आणि जॉन गिल्बर्टला घ्यायला लावलं. गिल्बर्ट म्हणजे तिचा मूकपटातला जोडीदार, एके काळचा प्रियकरही. बोलपट आल्यावर त्याला उतरती कळा लागली होती. प्रेम केव्हाच संपलेलं, पण माणूस बुडताना ही हात देऊन गेली. 1936 मध्ये तो गेलाच बिचारा, चाळिशीही गाठली नाही.

त्याच दोघांचा 1926 चा 'फ्लेश अँड द डेव्हिल' तू पुन्हा बघच. रात्रीची बाग, दोघं समोरासमोर. ती सिगारेट स्वतःच्या ओठांतून काढून त्याच्या ओठांत ठेवते. तो काडी ओढतो आणि दोघांचे चेहरे एकदम उजळतात. काडीचा उजेड तेवढा पडतो होय? कॅमेरामन विल्यम डॅनियल्सने गिल्बर्टच्या तळहातात एक बारकासा दिवा लपवला होता. आणि चर्चमधला प्रसंग! प्रसादाची वाइन एकाच पेल्यातून सगळे पितात. गिल्बर्ट पितो, पाद्री पेला तिच्यापुढे धरतो, तर ही हलकेच पेला फिरवते आणि जिथे त्याचे ओठ लागले तिथूनच पिते. शब्द नाही, पाटी नाही. आई हे बघून "अगं बाई!" म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली.

याच्या पुढच्याच वर्षीचा 'लव्ह' बघताना मात्र मी हसून लोळायची बाकी होते. टॉल्स्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना', बरं का. स्टुडिओने त्याचे दोन शेवट केले. युरोपसाठी अ‍ॅना गाडीखाली जीव देते. अमेरिकेत लोकांना वाईट वाटू नये म्हणून नवराच मरतो आणि तीन वर्षांनी दोघांची भेट होऊन सगळं गोड! आपल्या मॅडमनी टॉल्स्टॉयचा पेपर शिकवताना हे पाहिलं असतं तर त्यांनीच गाडीखाली उडी घेतली असती.

आता मुद्द्यावर येते. गार्बो म्हटलं की सगळे 'गूढ', 'अथांग', 'स्फिंक्स' असलं काहीतरी म्हणतात. आपणही म्हणायचो, निबंधात वापरायचो. इतकं सगळं ओळीने पाहून माझं मत बदललं आहे. गूढबिढ काही नव्हतं गं तिच्यात. ती कष्टकऱ्याघरची पोर होती, आणि कामाची किंमत तिला पुरती कळत होती.

1905 मध्ये तुमच्या सॉडरमाल्ममध्ये जन्मली, ग्रेटा गुस्ताफसन. बाप मजुरी करायचा, ती चौदा वर्षांची असताना गेला. ही न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या दाढीला साबण लावायला राहिली. मग 'पब' नावाच्या मोठ्या दुकानात टोप्या विकायला. हो, तेच, तुमच्या हॉटोरिएतवर होतं ते. 1921 च्या त्यांच्या कॅटलॉगमध्ये तिचे टोप्या घातलेले फोटो आले. दुकानाच्या जाहिरातपटात तिला काम मिळालं ते कसलं, तर कपडे कसे घालू नयेत ते दाखवायचं! ढगळ, चौकड्याचा विचित्र पोशाख घालून ती मिरवते. पुढच्या एका जाहिरातीत नुसती केक खाते, तोंड भरभरून. हे तुकडे शिल्लक आहेत, बघ. अथांग डोळ्यांची देवी गाल फुगवून केक खाताना बघून माझा जीव थंड झाला. ती मुळात विनोदी पोर होती, हॉलिवूडने तिला रडायला बसवलं.

मॉरिट्झ स्टिलर या दिग्दर्शकाने तिला घडवलं, आणि 1925 मध्ये दोघं अमेरिकेला गेली. एमजीएम स्टुडिओने पहिल्यापासून तिला पुरुषांना नादी लावणारी बाई करून टाकलं. 'फ्लेश अँड द डेव्हिल' धो धो चालला, तेव्हा हिने लुई मेयरला सांगितलं, पैसे वाढवा आणि हे असले रोल नकोत. मेयर म्हणजे एमजीएमचा प्रमुख, हॉलिवूडमधला बडा दांडगा साहेब. तो ऐकेना, तर ही महिनोन्‌महिने स्टुडिओत फिरकलीच नाही. विशी नुकती ओलांडलेली, इंग्रजी मोडकंतोडकं, आणि मेयरसमोर अडून बसली! शेवटी आठवड्याला 5000 डॉलरपर्यंत पगार वाढवायचं कबूल करून तिला परत आणावं लागलं. पुढे सेटवर भोवती काळे पडदे लावून घ्यायची, फालतू माणूस आत नको. कामाची वेळ संपली की सरळ घरी. आपल्या ऑफिसात असं कुणी वागलं असतं तर त्याला गूढ नाही, शिष्ट म्हटलं असतं.

बोलपट आले तेव्हा स्टुडिओने तिला जमेल तितका काळ मूकच ठेवलं, स्वीडिश उच्चारांच्या भीतीने. मग 1930 मध्ये 'अ‍ॅना ख्रिस्ती' आला आणि जाहिरातीत एवढंच, की गार्बो बोलते आहे. ती येते पाव तासानंतर. दमलेली, बंदरावरच्या गुत्त्यात, खुर्चीत धपकन बसते आणि वेटरकडे व्हिस्की मागते, वर बजावते की हात आखडता घेऊ नको. तो घोगरा, खोल आवाज! लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि बाईने तोंड उघडलं ते दारू मागायला. मला फार आवडलं.

पण तुला खरं सांगायचंय ते 'निनोच्का'बद्दल. 1939, अर्न्स्ट लुबिच, आणि पटकथा लिहिणाऱ्यांत बिली वायल्डर. रशियन सरकारची कडक कॉम्रेड पॅरिसला येते. हॉटेलात काचेच्या कपाटात एक बावळट, नरसाळ्यासारखी टोपी ठेवलेली असते. ती बघून म्हणते, बायकांना असलं काही डोक्यावर घालू देणारी संस्कृती फार दिवस टिकायची नाही. पुढे बाहेर सगळं पॅरिस फिरते आणि एक दिवस खोलीचं दार लावून, सगळीकडे नीट बघून, हळूच काय बाहेर काढते? तीच टोपी! आरशासमोर ती डोक्यावर ठेवताना तिचा चेहरा बघ. आयुष्यात कधी असली टोपी न घातलेल्या बाईचा अभिनय करतेय, आणि हीच मुलगी एके काळी दिवसभर काउंटरमागे उभी राहून टोप्या विकत होती. मी तो तुकडा मागे नेऊन नेऊन पाहिला.

त्याआधीचा खाणावळीतला प्रसंग. मेल्विन डग्लस एकामागून एक विनोद सांगतोय, ती ढिम्म. मजूर हसताहेत, ही सूप पितेय. चिडून तो मागे रेलतो आणि खुर्चीसकट कोसळतो. मग जी ती हसते! डोकं मागे टाकून, टेबल बडवत. या वेळी जाहिरातीत होतं, गार्बो हसते आहे. आईने हा सिनेमा दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला, यात सगळं आलं.

तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं, आणि गार्बोच्या सिनेमांना पैसा मिळायचा तो मुख्यतः युरोपातून. तो बाजारच बंद झाला. 1941 मध्ये 'टू-फेस्ड वुमन' आला, समीक्षकांनी झोडपला. ती 36 वर्षांची होती. त्यानंतर तिचा एकही सिनेमा आला नाही. 1949 मध्ये एकदा कॅमेऱ्यापुढे चाचणी झाली, पण पैशाची जमवाजमव फसली आणि तो विषयही संपला. ऑस्करवाल्यांनी 1955 मध्ये मानाचा पुरस्कार दिला, तो घ्यायलाही ती गेली नाही. न्यूयॉर्कमध्ये राहिली, चित्रं जमवली, रोज मैलोन्‌मैल चालली. 1990 मध्ये गेली.

सगळे लिहितात, की किती हा एकटेपणा, किती करुण. मला नाही पटत. मी बँकेतली नोकरी सोडल्यापासून मलाही भेटेल तो अशा चेहऱ्याने विचारतो, जणू घरात काहीतरी अघटित घडलंय. "निवृत्तीला अजून सात वर्षं होती ना?" होती. पण मला सकाळी सावकाश चहा प्यायचा होता. गार्बोचं आणि माझं काय जुळतंय, मला पाच हजार डॉलर कुणी दिले नाहीत, पण एवढं मात्र तिच्याकडून कळलं, की काम चोख करावं, मोबदला पुरता घ्यावा आणि आपलं झालं की कुणाला कारणं देत न बसता निघावं. लोकांना त्यात रहस्य दिसत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

तुझ्याकडून दोन कामं हवीत. सॉडरमाल्ममध्ये तिच्या नावाचा चौक आहे, आणि 1999 मध्ये तिच्या अस्थी स्कूगशिर्कोगोर्डनच्या दफनभूमीत आणल्या. दोन्हीकडे जाऊन ये, नुसता बर्फाचा फोटो चालणार नाही. आणि त्या संध्याकाळी 'निनोच्का' बघ, 'कमिल' नको, तू परत रडशील. नवऱ्यालाही शेजारी बसव. मग मला सविस्तर लिही. नुसतं 'छान आहे' असं आलं, तर भुवईची गोष्ट तुझ्या सुनेला कळवलीच म्हणून समज.

तुझीच,
मी