मनोऱ्यावर पळून गेलेला माणूस

'फायरवॉच' हा गेम मी पहिल्यांदा खेळले ते सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून. शनिवारची रात्र, पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, मांडीवर लॅपटॉप. चार-पाच तासांचा खेळ, एका बैठकीत संपला. संपल्यावर आधी वैतागच आला. एवढंच?

कॅम्पो सँटो नावाच्या छोट्या अमेरिकन स्टुडिओने २०१६ साली हा गेम काढला. काळ १९८९चा उन्हाळा. आदल्याच वर्षी यलोस्टोनमध्ये प्रचंड वणवे लागलेले. शेजारच्या शोशोनी जंगलात हेन्री नावाचा चाळिशीजवळचा माणूस टेहळणीच्या मनोऱ्यावर नोकरी धरतो. काम एकच, धूर दिसला की कळवायचं. सोबतीला फक्त वॉकीटॉकी आणि त्यावर लांबच्या दुसऱ्या मनोऱ्यावरून बोलणारी त्याची वरिष्ठ, डिलायला.

इथे कुणाला मारायचं नाही, पॉइंट्स जमवायचे नाहीत. नकाशा आणि होकायंत्र घेऊन चालायचं आणि बोलायचं. हे बोलणंच या गेमचं मोठं बळ आहे. डिलायला काही विचारते, तुमच्यासमोर दोन-तीन उत्तरं येतात आणि वेळ सरकत असतो. काहीच निवडलं नाही, तर गप्प बसणं हेच तुमचं उत्तर धरलं जातं, आणि तिला ते कळतं. माझं पोट कोडिंगवर चालतं, त्यामुळे टायमर संपल्यावर काय करायचं हे मी रोज लिहिते. पण गप्प बसण्यालाही अर्थ असतो, असं कोड मी कधी लिहिलेलं नाही.

आता त्रुटी. (इथून पुढे शेवट फुटतो. खेळायचा असेल तर थांबा.)

मध्यावर गेम थरारकथा होतो. कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, आपल्यावर पाळत आहे, काहीतरी मोठं कारस्थान शिजतंय. आपण श्वास रोखून धरतो आणि निघतं काय, तर नेड नावाचा एक बाप. याच मनोऱ्यावर पूर्वी काम करणारा. त्याचा मुलगा गुहेत पडून गेला आणि जगाला तोंड दाखवायला नको म्हणून तो जंगलातच लपून राहिला. कारस्थान वगैरे काही नाही. शिवाय तुम्ही काहीही निवडा, शेवटी हेन्री डिलायलाच्या मनोऱ्यावर पोचतो तेव्हा ती निघून गेलेली असते. कोडच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या वाटा फिरून एकाच ओळीवर येतात. अनेक खेळाडूंची हीच तक्रार असते आणि त्या रात्री माझीही तीच होती.

पण ती तक्रार टिकली नाही, कारण मला हेन्री ओळखीचा वाटत होता.

हेन्री जंगलात आला तो बायकोपासून लांब. ज्युलिया प्राध्यापक, चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच स्मृतिभ्रंश. सुरुवातीला हे सगळं नुसत्या मजकुरातून कळतं. तिला घरीच ठेवायचं की सेवाकेंद्रात, हे तुम्हाला निवडायला लावतात. काहीही निवडलं तरी तिच्या माहेरची माणसं तिला ऑस्ट्रेलियाला घेऊन जातात.

माझी आजी मिरजेला आई-बाबांकडे असते. तिचं विसरणं वाढलं तेव्हा मी घरूनच काम करत होते. रात्री दोनला उठून ती दार उघडायची. एक दिवस मी घरी सांगितलं की ऑफिसने पुण्याला बोलावलंय. ऑफिसने बोलावलं नव्हतं, मीच विचारून घेतलं होतं. त्यानंतर रोज रात्री नऊला आईचा फोन यायचा आणि मी फ्लॅटमधून सल्ले द्यायचे. दाराला वरची कडी लावा, गोळ्यांची वेळ बदला. म्हणजे मीही धूर दिसला की कळवत होते.

म्हणून आता मला गेमची खरी त्रुटी वेगळी वाटते. ज्युलियाला आवाजच नाही. सुरुवातीच्या काही ओळींनंतर ती हेन्रीच्या अपराधभावापुरतीच उरते. बनवणाऱ्यांनी मुद्दामच तसं केलं असेल, कारण पळणाऱ्याला मागचं माणूस असंच दिसतं. पण विसरणारं माणूस तेवढंच नसतं. आजी मला आत्याच्या नावाने हाक मारते. एकदा मी म्हटलं, "अगं, मी आत्या नाही, तुझी नात." तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "असू दे. तूही चालशील."

गेम खेळून मी लगेच घरी गेले असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चार महिने गेले नाही. नंतरही गेले ती आईचं कंबरेचं दुखणं वाढलं म्हणून. आता दर दुसऱ्या शुक्रवारी जाते. रात्रीचं दार माझ्याकडे असतं.

मागच्या वेळी गेम पुन्हा खेळत होते. आजी शेजारी येऊन बसली. स्क्रीनवर संध्याकाळचं केशरी जंगल होतं, वॉकीटॉकीवर डिलायला काहीतरी विचारत होती. आजी म्हणाली, "ती बाई बोलतेय ना, मग उत्तर दे की."

मी आजीकडे बघत राहिले आणि टायमर संपून गेला.