कोंढाणे लेणी ते राजमाची : दोघांची पायवाट

आमच्या लग्नाला 21 वर्षे झाली. या काळात प्रवास पुष्कळ झाला. पण तो 6 डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला, नाहीतर नात्यातल्या मंगल परिणयाला. निव्वळ दोघांनी, मजेखातर कुठे जावे हे कधी सुचलेच नाही. सुट्टी आली की घरात कार्यकर्त्यांची बैठक. आम्ही बोलायचे आणि सहचारिणीने आत चहा करायचा, हीच रीत.

यंदा वर्षावास संपल्यावर दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. "अहो, या वयात तंबूत झोपायचं? लोक काय म्हणतील!" असे म्हणत म्हणत सहचारिणीने मुलाचे कॅनव्हासचे बूट पायात चढवले. भाकरी, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी आणि दोन चादरी एवढेच सामान.

कर्जतला लोकलने उतरून रिक्षाने कोंदिवडे गाव गाठले. तिथून जंगलातल्या पायवाटेने तासाभरात कोंढाणे लेणी येतात. घाई नव्हती, दम लागला की दगडावर बसायचे, पाणी प्यायचे. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. इथे बुद्धमूर्ती नाही. त्या काळी स्तूपालाच वंदन होई. विहाराचे छत पाहावे, लाकडी तुळया वाटाव्यात असे दगडात कोरले आहे. चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी आहेत. ती पाहून सहचारिणी म्हणाल्या, "बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची माणसंसुद्धा जोडीनं आनंद करत होती!" आम्ही निरुत्तर.

तेवढ्यात कॉलेजची पाच-सहा मुले आली. त्यातला एक मित्रांना सांगू लागला, "पांडवांनी ही एका रात्रीत कोरली." आम्ही बोलायला तोंड उघडणार, तोच सहचारिणी पुढे झाल्या.

"बाळा, पांडवांनी नव्हे. ही बौद्ध भिक्खूंची लेणी. पावसाळ्यात ते इथे राहायचे. त्या डाव्या अंगाला ब्राह्मी अक्षरं दिसतात ना, तिथं लिहिलंय, कण्हाचा शिष्य बालक यानं हे केलं. राजाचं नाव नाही, काम करणाऱ्याचं आहे."

मुले गप्प झाली, मग जवळ जाऊन अक्षरे न्याहाळू लागली. आम्ही मात्र थक्क. "तुला हे कुठून माहीत?" असे विचारले तर म्हणाल्या, "दर वर्षावासाला आपल्या घरी वाचन होतं. मी आत चहा करत असते, कान काही बंद नसतात."

पुढची चढण दोन-अडीच तासांची आणि छातीवरची. त्यात आम्हीच मागे पडलो; सहचारिणी पुढे थांबून हात देत होत्या. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत भाड्याने तंबू मिळाला आणि एका घरी गरम पिठलं-भाकरी. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले अंधारात उभे. रात्री थंडी चांगलीच बोचली. दोन्ही चादरी एकत्र करून आम्ही तंबूच्या तोंडाशी चांदणे बघत बसलो आणि घरखर्च, मुलांच्या फिया, वर्गणी यांवाचून दुसरे काहीतरी बोललो. किती वर्षांनी, आठवत नाही.

सकाळी श्रीवर्धन चढलो, तळ्याकाठच्या गोधनेश्वराच्या जुन्या मंदिराचे कोरीवकाम पाहिले आणि सुमारे 15 किलोमीटर रमतगमत चालून लोणावळ्याला गाडी पकडली.

बंधू-भगिनींनो, विश्रांती म्हणजे चळवळीशी गद्दारी नव्हे. पावसाळा संपला की एकदा जोडीने या वाटेने जा. पाणी बरोबर घ्या, ऊन चढण्याआधी चढण संपवा आणि लेण्यांच्या भिंतीवर आपली नावे खरडू नका.

पुढच्या रविवारी आमच्याकडे बैठक आहे. विषय लेणी. बोलणार सहचारिणी, चहा आम्ही करणार.