मुदत संपली की उठायचं

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे माणूस एकदा निवडून आला की जन्मभर 'विधायकजी'च राहतो. पुढे दोनदा पडला तरी लग्नपत्रिकेत तेच छापतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणूनच कॉलेजात आणीबाणीचा विषय निघाला की मी मुलांना मधू लिमये यांच्याबद्दल सांगतो.

लिमये १९२२ साली पुण्यात जन्मले. समाजवादी विचारांचे. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले, पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला आणि तिथल्या तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ काढला. लोकसभेवर मात्र ते निवडून आले बिहारातून, मुंगेर आणि बांका इथून. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं अप्रूप वाटावं.

जुलै १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली अटक झाली. फेब्रुवारी १९७७ पर्यंत ते आपल्याच मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत होते. १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने ती वर्षभर वाढवली. तुरुंगातल्या माणसाचं पद राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण लोकांनी पाच वर्षांसाठी दिलेलं पद सहाव्या वर्षी आपलं नाही, असं मानून त्यांनी राजीनामा पाठवला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केलं. त्याच १९७६ साली माजी खासदारांच्या पेन्शनचा कायदा झाला. लिमये यांनी ती पेन्शन घेतली नाही, स्वातंत्र्यसैनिकाचीही नाही. १९८० साली ते हरले, १९८२ मध्ये सक्रिय राजकारण सोडलं आणि १९९५ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हक्काचे पैसे सोडून मिळालं काय?"

प्रश्न खोटा नव्हता. २००८ पासून आपल्या राज्यात मिसाबंदींना सन्मान निधी मिळू लागला. ज्या घरचा कर्ता माणूस एकोणीस महिने आत होता, त्या घरची चूल कशी पेटली असेल, हे त्या घरालाच ठाऊक. त्यांनी पैसे घेतले म्हणून नावं ठेवणारा मी कोण? मीही पगार घेऊनच शिकवतो. त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "बेटा, ज्याला काही घ्यायचंच नाही, त्याला गप्प बसवायचं कसं?"

१९७७ साली सगळ्या मध्य प्रदेशात काँग्रेसला एकच जागा मिळाली, ती आपल्या छिंदवाड्याची. म्हणजे आपल्याकडे आणीबाणीच्या दोन्ही बाजूंची घरं आहेत आणि त्यांची नातवंडं माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. मुदत संपल्यावर उठून जाणाऱ्या माणसाची गोष्ट दोघांनाही सारखीच सांगता येते.