आर.डी.ला डिस्क लावायची की नाही?

आमच्या घरात गेले तीन महिने एकाच विषयावर खल चालू आहे, आणि तो विषय म्हणजे एका मोटारसायकलचा पुढचा ब्रेक! गाडी राजदूत ३५०. धाकट्या भावाने १९८६ साली घेतलेली. पंधरा-सोळा वर्षं ती वापरात नव्हती, मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. भावाचे गुडघे गेले, आणि आता ती पुतण्याने बाहेर काढली. इंजिन नागपूरला नेऊन नवं करून आणलं. रंग काढला. आवाज तर असा, की गल्लीतली म्हातारी माणसंही दारात येऊन उभी राहिली. राहिला तो फक्त ब्रेक.

पुतण्या म्हणतो डिस्क लावू. भाऊ म्हणतो, "कंपनीनं जे देलं तेच राहीन. मी चालवली ना इतके वर्ष, मेलो का?" आणि दोघंही माझ्याकडे येतात. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, ब्रेक नाही. पण शिक्षकाला एक खोड असते, कुणी विचारलं की आधी वाचायचं, मग बोलायचं. तर वाचलं. गोंदियाच्या एका जुन्या मिस्तरीजवळ दोन दुपारी स्टुलावर बसून ऐकलंही.

आधी 'कंपनीनं जे देलं' याबद्दल. ही गाडी मुळात जपानच्या यामाहाची आर.डी. ३५०. एस्कॉर्ट्सने परवाना घेऊन १९८३ पासून ती राजदूत ३५० या नावाने भारतात बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. हाय टॉर्क म्हणून जी ओळखतात ती साडेतीस अश्वशक्तीची, पुढे मायलेज वाढावं म्हणून काढलेली लो टॉर्क सत्तावीसची. दूधवाल्यांच्या साध्या राजदूतवर जी पिढी वाढली तिच्यासाठी हे म्हणजे बैलगाडीला घोडा जुंपल्यासारखं होतं. 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ हिच्यावर बसला आणि पोरं वेडी झाली. आर.डी. म्हणजे 'रॅपिड डेथ' असंही लोक म्हणू लागले. ते उगाच नव्हे.

आता गंमत पाहा. यामाहाच्या ज्या आर.डी. ३५०-बी वरून ही गाडी घेतली तिला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च कमी करायला तो काढून सात इंचांचा ड्रम बसवला. म्हणजे इंजिन जपानी ताकदीचं ठेवलं आणि थांबवायचं साधन मात्र स्वस्तातलं! भाऊ ज्याला 'ओरिजिनल' म्हणतो ती मुळात काटकसर आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तू इतिहासाचा मास्तर आहेस, तुला काय, कुठूनही काहीही काढशीन."

ड्रमला मात्र मी नावं ठेवणार नाही. तो साधा ड्रम नाहीच. आत दोन शू असतात आणि या ब्रेकमध्ये दोन्ही 'लीडिंग'. म्हणजे चाक पुढे फिरतं त्या दिशेने दोन्ही शू स्वतःच आत ओढले जातात, बोटांनी लावलेल्या जोराला चाकाचीच मदत मिळते. बाहेरून दोन कॅम एका दांडीने जोडलेले दिसतात. ती दांडी जर बरोबर लावलेली नसेल, तर एक शू आधी टेकतो, दुसरा नुसता तमाशा बघतो. मिस्तरी म्हणाला, "गुरुजी, आर.डी.चा ब्रेक खराब म्हणणाऱ्या दहांतल्या आठ जणांची दांडीच चुकीची असते." आकडा त्याच्या पदरचा, पण बोलण्यात तथ्य दिसतं. शिवाय आरे पुन्हा आवळले की हब किंचित अंडाकृती होतो, ड्रम लेथवर लावावा लागतो, नवे शू त्याच्या गोलाईला घासून बसवावे लागतात, केबल नवी लागते. एवढं केलं की हा ब्रेक चांगला धरतो. पहिल्यांदा. दुसऱ्यांदाही.

पाचव्यांदा धरत नाही, हे खरं दुखणं. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणं. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब सरकतो, लिव्हर आत आत जाऊ लागतो. शूचं लायनिंगही तापून गुळगुळीत वागायला लागतं. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, लवकर निवते. आणि आपल्याकडच्या पावसात? रोवणीच्या दिवसांत रस्त्यावरून ट्रॅक्टर गेले की नुसता चिखल. ड्रममध्ये पाणी शिरलं तर पहिले काही क्षण ब्रेक नसल्यासारखाच. डिस्कवरचं पाणी पॅड पुसून टाकतात.

त्यात ही टू-स्ट्रोक. चार स्ट्रोकची गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच तिला थोडं आवरतं. ही आवरत नाही, नुसती वाहत राहते. सगळा भार ब्रेकवर, आणि तोही मुख्यतः पुढच्या, कारण थांबताना वजन पुढे येतं.

आता आमच्या रस्त्याकडे या. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे निघालं की मुरदोलीचं जंगल लागतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर रात्री गाडीच्या धडकेने एक वाघ जखमी झाला आणि पुढे दगावला. जखमी वाघ रस्त्याकडेला सरपटतोय ते चित्रण सगळ्या देशाने मोबाईलवर पाहिलं. आम्ही तर त्या रस्त्याने लहानपणापासून जातो. पुतण्या साकोलीला कामाला, रोज हाच रस्ता. रानडुक्कर आडवं आलं तर मोटारीचा बंपर तुटेल, मोटारसायकलवाल्याचं काय तुटेल ते सांगायला नको.

मी वहीत हिशेब मांडला (सातवीचं गणित, फार नाही). साठच्या वेगाने माणूस एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातो. दिसलं, कळलं, बोटं आवळली, एवढ्यात तो सेकंद संपतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेकने साधारण २० मीटर. ऐंशीच्या वेगाने ब्रेकचे हे २० मीटर ३६ होतात. शंभराने ५६. आणि ब्रेक मरगळलेला असेल, तर ऐंशीलाच साठ-बासष्ट मीटर लागतात. वही सूनबाईच्या, म्हणजे पुतण्याच्या बायकोच्या हाती लागली. तिने काही न बोलता ती फ्रिजवर ठेवून दिली, सगळ्यांना दिसेल अशी.

म्हणजे मी डिस्कच्या बाजूचा झालो. पण कोणती डिस्क? इथे पुतण्याशीही माझं जमेना. त्याला पुढे दोन डिस्क हव्यात, 'लूक' येतो म्हणे. पण गाडी थांबवतो शेवटी टायर. पुढचा टायर ३.००-१८, म्हणजे रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढाही नाही. चाक लॉक करण्याइतकी ताकद एका चांगल्या डिस्कमध्येच असते. जपान्यांनीही एकच दिली होती. दुसरीने पुढचं वजन वाढेल आणि ओल्या रस्त्यावर चाक जाम व्हायची भीती. आधी नवे टायर घे म्हटलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते पाहिले तर त्याच्या पुढच्या टायरचं वय गाडीवर दिसणाऱ्या नक्षीपेक्षा बरंच जास्त निघालं.

एका गॅरेजवाल्याने तर जुन्याच फोर्कच्या नळीला वेल्डिंगने कान जोडून कॅलिपर लटकवतो म्हटलं, एका दिवसात, स्वस्तात. नळी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, आणि ब्रेकचा सगळा झटका त्या कानावर. तो कान तुटला की कॅलिपर आऱ्यांत. मी सरळ नाही म्हणालो. करायचंच तर फोर्क, हब, कॅलिपर, वरचा मास्टर सिलिंडर असा पूर्ण जोड एकाच गाडीचा घ्यायचा. मास्टर सिलिंडर एकाचा आणि कॅलिपर दुसऱ्याचा असं झालं की लिव्हर तरी दगडासारखा कडक होतो, नाहीतर हँडलला जाऊन टेकतो. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, दर दोन वर्षांनी बदलायचं. केबलला तेल देणाऱ्या घराला हे लक्षात राहायला वेळ लागतो.

एवढं ठरत आलं आणि कायदा आडवा आला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवल्यापेक्षा वेगळा होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. इकडे २०१९ पासून सव्वाशे सी.सी.च्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला ए.बी.एस. सक्तीचं, आणि तिकडे साडेतीस अश्वशक्तीच्या जुन्या गाडीला डिस्क लावायची तर विचारावं लागतं! आर.सी. बुकात ब्रेकचा रकाना नाही, म्हणून चालेल असं पुतण्या म्हणतो. मला ते पटत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तपासणी होतेच. आणि देव न करो, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. लेखी विचार, लेखी उत्तर घे, म्हटलं. अर्ज मीच लिहून दिला. दीड पान झाला. "मोठे बाबा, निबंध झाला ना हा," म्हणे. मग एका पानात आणला.

उत्तर येईपर्यंत मिस्तरीने ड्रम लेथवर लावून दिला, दोन्ही शू एकदम टेकतील अशी दांडी बसवली, केबल आणि दोन्ही टायर नवे. परवा भावाला मागे बसवून पुतण्या बाजारापर्यंत जाऊन आला. भाऊ उतरून म्हणाला, "पाय, धरते का नाही?" धरते, खरंच. अंधार पडल्यावर ती गाडी मुरदोलीकडे न्यायची नाही, साकोलीला बसने जायचं, हे मात्र सूनबाईने ठरवलं आहे, आणि त्यावर कुणाचं काही चाललं नाही. डिस्कचा जोड नागपूरच्या एकाकडे पाहून ठेवलाय, बयाणा दिलेला नाही. जुना हब, फोर्क आणि ड्रम विकायचे नाहीत, एवढ्या एका अटीवर भाऊ आता तयार झालाय. ते ठेवायला त्याने पडवीतली लोखंडी पेटी रिकामी करायला घेतली आहे.