शिबिराची वही

मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाईल वाजला. एवढ्या रात्री फोन म्हटले की छातीत धस्स होते. पण आवाज ओळखीचा निघाला. आमच्या वस्तीतील एका मुलीचा, इंग्लंडहून. "जयभीम मामा. झोपलात का? ती शिबिराची वही तुमच्याजवळ आहे ना?" तब्येतीची चौकशी नंतर, आधी वही.

वाचक बंधू-भगिनींनो, मी हिंगोलीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिपाई होतो. सव्वीस वर्षे मुलांना पुस्तके काढून दिली आणि परत जागेवर लावली. मुले मला मामा म्हणत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर निघाले की कोठी सांभाळायला सरांबरोबर मी जात असे. तिने विचारलेली वही जानेवारी २०१७ च्या शिबिराची. त्या वहीची हकीकत आपल्या घरातील शिकणाऱ्या मुलामुलींच्या कानावर जावी म्हणून हा लेख. मी काही लेखक नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाचच तालुके. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते. जानेवारीत हिंगोलीहून औंढ्याकडे एसटीने निघालात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर, हरभरा आणि पाने पिवळी पडत चाललेली हळद दिसते. पुढे काढणी सुरू झाली की हळद शिजवल्याचा वास गावोगाव भरून राहतो. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. त्या पोत्यांमागे आपल्या मायबहिणींचे हात असतात. काढणीपासून वाळवणीपर्यंतच्या मजुरीवर वस्तीतील कितीतरी घरांची चूल पेटते.

औंढ्याचे नागनाथाचे जुने दगडी मंदिर प्रसिद्ध आहे. संत नामदेवांचे नरसी गाव याच जिल्ह्यातले. नामदेवांना मंदिरासमोर कीर्तन करू दिले नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका इथे सांगतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. समोरून हटवलेल्या माणसाची आठवण या मुलखाने कथेत का होईना जपली, एवढे मात्र खरे.

आमचे शिबिर औंढा तालुक्यातीलच एका गावी होते. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्या घरची भाकरी खाल्ली त्यांना चर्चेत ओढायचे नाही.

ज्यांची मुले महाविद्यालयात नवी आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे आणि एका खेड्यात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा नियम. 'मी नव्हे, तुम्ही' असा तिच्या बोधवाक्याचा अर्थ. कित्येक मुले प्रमाणपत्रासाठी येतात. पण सात दिवस परक्या गावी शाळेच्या फरशीवर झोपले, पहाटे थंड पाण्याने अंघोळ केली आणि हातात टिकाव-घमेले घेतले, की आतून काहीतरी बदलते. हे मी पाहिले आहे.

त्या वर्षीच्या सरांनी एक नवी रीत घातली. रात्री जेवणे झाली की प्रत्येकाने एका मोठ्या वहीत एक पान लिहायचे. आज कुठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले. सर म्हणत, "परदेशातच जावं लागतं असं नाही. हेच तुमचं प्रवासवर्णन."

तिसऱ्या दिवशी एका मुलाने वस्तीतील एका आजीबद्दल लिहिले. आजीने त्याला गुळाचा चहा दिला होता. त्याने लिहिले, 'आजी गरीब असली तरी समाधानी आहे. तिच्या चेहऱ्यावर कायम हसू असते.' रात्री सगळ्यांनी पान ऐकले, टाळ्या वाजवल्या. एक मुलगी तेवढी गप्प होती. तीच, जी आता इंग्लंडात आहे. तिची आई हळदीच्या मजुरीला जाते. ती म्हणाली, "सर, हे आजीला वाचून दाखवू या का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे वही घेऊन गेले. मीही मागे मागे गेलो. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "समाधानी? आरं लेकरा, मला इचारलं व्हतं का तू? पाव्हणा आला म्हून हासले म्या. हापशाचं सांडपानी माझ्या दारात येतं अन् दारातच थांबतं. नातू चार दिसापून तापानं फणफणलाय. ते लिव्ह की."

मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मुलगा मनाने वाईट नव्हता. लिहिण्याआधी विचारायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्याने तिथेच बसून ती ओळ खोडली आणि खाली आजीचे बोल जसेच्या तसे लिहिले. ती खोडलेली ओळ वहीत अजून दिसते.

मग सगळ्यांचे डोळे उघडले. आम्ही तीन दिवस नाली खोदत होतो ती चौकापासून शाळेपर्यंत. कामाच्या आराखड्यात वस्ती नव्हतीच. मुद्दाम वगळली की नजरेतून सुटली, मला सांगता येणार नाही. आजीच्या दारातल्या पाण्याला दोन्ही सारखेच. सरांनी दुपारी सगळ्यांना बसवले आणि आराखडा बदलला. गावातील काहींनी नाके मुरडली, काहींनी स्वतःच्या कुदळी आणून दिल्या. वर काळी माती, खाली कडक मुरूम. मुलांच्या हातांना फोड आले. सातव्या दिवशी संध्याकाळी काम थांबले तेव्हा नाली हापशापर्यंत पोहोचायला अंदाजे चाळीस पावले उरली होती.

त्या मुलीने मे महिन्यात ग्रंथालयातून एक पुस्तक नेले होते आणि शिबिरातही ती ते घेऊन आली होती. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बाबासाहेबांनी आत्मचरित्र लिहिले नाही, पण आपल्या आयुष्यातील काही आठवणी त्यांनी या लहानशा लिखाणात सांगितल्या. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते छापले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथे आज ते विद्यार्थ्यांना वाचायला देतात. पुस्तकाचे नाव परदेशी प्रवासाचे वाटते, पण आतले प्रवास आपल्याच मुलखातले आहेत. सेकोटीपाशी बसून ती मुलांना एकेक प्रसंग सांगे.

१९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळते आणि एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरेच बैल हाकतात आणि गाडीवान बाजूने चालतो. जवळ डबा भरलेला, पण पाणी मिळत नाही म्हणून पोरे उपाशी झोपतात.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह आपल्या मराठवाड्यात, दौलताबादचा किल्ला पाहायला आले. धुळीने माखलेले हातपाय त्यांनी हौदाच्या पाण्याने धुतले, एवढ्यावरून गर्दी जमली आणि शिवीगाळ झाली. शेवटी शिपाई बरोबर देऊन, पाण्याला कुठे शिवायचे नाही या अटीवर किल्ला दाखवला गेला.

१९२९ चा चाळीसगावचा प्रसंग तर सर्वांनी वाचावा असा आहे. टांगेवाला न्यायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीतील लोकांना पटेना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच माणूस लगाम धरून बसला. वाटेत टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ते यजमानांवर चिडले नाहीत. आपल्या पाहुण्याचा मान राखण्यासाठी त्यांनी हे केले, हे त्यांनी समजून घेतले आणि तसे लिहून ठेवले.

आणि बडोद्याचा प्रसंग. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने तरुण भीमरावांना अमेरिकेतील शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. परदेशात शिकावे आणि इथे सेवा करावी, हीच ती अट. १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला जागा कोणी देईना. नाव लपवून ते एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव आला. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी एका बागेत बसून काढले.

ही हकीकत ऐकून त्या खोडलेल्या ओळीचा मुलगा म्हणाला, "यात रडगाणं कुठंच नाही. भाडं किती, वेळ काय, कोण काय बोललं, एवढंच लिहिलंय." मला वाटते, लिहिण्याचा धडा त्याला त्याच रात्री मिळाला. परदेशातील वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून बाबासाहेबांनी हे लिहिले. वाचकाने दया करावी असा त्यात सूर नाही. जे घडले ते घडले तसे आहे.

शेवटच्या रात्री शाळेच्या पटांगणात गावासमोर सगळी वही वाचली गेली. लोकांनी चुका काढल्या. कुणाचे नाव चुकले होते. एक म्हातारा म्हणाला, ती विहीर बहात्तरच्या दुष्काळातली नाही, तिच्या आधीची आहे. मुलांनी तिथल्या तिथे दुरुस्त्या केल्या. सरांनी वही गावातच वाचायला ठेवली.

पुढे ती मुलगी शिकत गेली. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. २००३ पासून ती चालू आहे. अलीकडे वर्षाला ७५ जागा असतात. तिला ती मिळाली. पालकांनो, ही माहिती घरात बोला. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, पासपोर्ट यांना वेळ लागतो. जाहिरात निघेपर्यंत थांबू नका.

तिथल्या विद्यापीठाने तिच्या वर्गाला तीन आठवडे आफ्रिकेतील एका खेड्यात नेले. तिकडे याला सर्व्हिस लर्निंग म्हणतात. म्हणजे आपल्या शिबिरासारखेच. शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना शिकवायचे आणि परतल्यावर प्रवासवर्णन लिहायचे. ती म्हणाली, "मामा, वर्गातल्या निम्म्या जणांनी तेच लिहिलं. गरीब आहेत, पण हसतमुख आहेत. मला आपली आजीच आठवली." मग तिने आपले पान दुभाष्याच्या मदतीने घरमालकिणीला वाचून दाखवले. तिने 'झोपडी' असा शब्द लिहिला होता. ती बाई म्हणाली, झोपडी नाही, घर आहे. नवऱ्याने आणि मी दोन वर्षं राबून बांधलंय. हिंगोलीच्या मजुराची पोर, तिच्याही हातून ती चूक झाली. "म्हणून वही पाहिजे मामा. मला वर्गात ती खोडलेली ओळ दाखवायची आहे."

मित्रहो, औंढ्याजवळ दुधाळा गावच्या परिसरात लायगो-इंडिया ही मोठी विज्ञानशाळा होणार आहे. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडण्याचे ते यंत्र, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे. अशी दोन यंत्रे अमेरिकेत आहेत. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. म्हणजे उद्या परदेशचे लोक आपल्या दारावरून जातील. येणाऱ्यांचे स्वागतच आहे. ते आपल्याबद्दल लिहितीलही. त्यातले बरोबर काय आणि चूक काय, हे वाचून सांगणारी माणसे आपल्या वस्तीत पाहिजेत. आणि आपली मुले जिथे जातील, औंढ्याला की इंग्लंडला, तिथल्या माणसाला विचारून लिहिणारी पाहिजेत.

फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "मामा, ती चाळीस पावलं झाली का हो?"

पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावी गेले होते. पण त्या जूनमध्ये मी वही आणायला गेलो तेव्हा आजीचे अंगण कोरडे होते. वस्तीतील पोरांनी चौदा एप्रिलच्या आधी नाली पुरी केली होती. वहीच्या शेवटच्या पानावर आजीच्या नातवाने, सातवीतल्या पोराने, पेन्सिलीने लिहिले होते, 'नालीचे काम झाले. चाळीस पावले नव्हती. त्रेपन्न होती. मी मोजली.'

मी ते तिला वाचून दाखवले. ती खूप हसली. मग म्हणाली, "माझ्या पानावरचे चाळीस खोडून त्रेपन्न करा ना मामा."

मी म्हटले, "मी नाही करणार. वहीचे फोटो पाठवतो, वही इथेच राहील. शिक्षण पुरं कर, गावी ये, आणि पोरासमोर बसून तूच दुरुस्त कर."